बोर्डात पैसे कुठे घालावेत

गेमिंगसाठी कॉम्प्युटर बांधून घ्यायला येणाऱ्या मुलांचा प्रोसेसर आधीच ठरलेला असतो. ग्राफिक्स कार्डही बहुतेक ठरलेलं असतं. ते आठ जीबीचं घ्यायचं की सोळाचं, एवढाच वाद बाकी असतो. मदरबोर्डाच्या ओळीत मात्र दोनपैकी एक गोष्ट लिहिलेली सापडते. एक तर ‘जो स्वस्त मिळेल तो’, नाही तर प्रोसेसरच्या किमतीला जाऊन भिडलेला, दिव्यांनी लखलखणारा एखादा बोर्ड. या दोन टोकांच्या मधे कुठेतरी खरा परवडणारा बोर्ड असतो. तो शोधून देणं हे मी माझ्या धंद्यातलं सगळ्यात जबाबदारीचं काम मानतो. रॅम पुढे वाढवता येते, कार्ड बदलता येतं, एसएसडी आणखी एक लावता येते. बोर्ड बदलायचा म्हणजे अख्खं यंत्र उकलून बसावं लागतं.

मी जळगावात कॉम्प्युटर बांधतो आणि दुरुस्तही करतो. दुरुस्तीचं टेबल आधी आलं, बांधणी नंतर. पेंटियम ४ च्या काळातले बोर्ड त्या टेबलावर यायचे तेव्हा प्रोसेसरच्या शेजारचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले असत, काहींतून तपकिरी द्रव ओघळून बोर्डावर वाळलेला असे. २००० नंतरच्या काही वर्षांत खराब इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर जगभरच्या बोर्डांमधे गेले होते आणि दोन-तीन वर्षांत एकेक करून फुटत होते. ते काढायचे, चांगल्या प्रतीचे नवे झाळायचे, की मेलेला बोर्ड उठून बसायचा. त्या कामाने हाताला वळण लागलं ते आजही तसंच आहे. नवा बोर्ड हातात आला की माझी नजर आधी सॉकेटच्या भोवती जाते. खोक्यावरचं नाव नंतर वाचतो.

सॉकेटच्या डाव्या आणि वरच्या बाजूला ज्या चौकोनी कॉइल आणि चिपांच्या रांगा दिसतात, त्याला व्हीआरएम म्हणतात. एसएमपीएसमधून येणारे १२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला लागणारे सव्वा व्होल्टच्या आसपास करून देणं, हे त्याचं काम. व्होल्ट उतरले की अँपिअर वाढतात. १६२ वॉट खेचणाऱ्या प्रोसेसरला १.२ व्होल्टवर १३५ अँपिअर लागतात. घरातला दोन किलोवॉटचा गीझर नऊ अँपिअरच्या आसपास घेतो, हे लक्षात घेतलं की तळहाताएवढ्या जागेतून काय वाहतंय याची कल्पना येते. एवढा प्रवाह वळवताना थोडी वीज उष्णता होऊन वाया जाणारच. ती उष्णता बाहेर काढायला चिपांवर अॅल्युमिनियमचा हीटसिंक हवा, आणि तो चिपांना थर्मल पॅडने नीट चिकटलेला हवा. स्वस्तातल्या बोर्डांवर पुष्कळदा डावीकडच्या रांगेला हीटसिंक असतो आणि वरची रांग उघडी असते. काहींवर दोन्ही उघड्या.

खोक्यावर व्हीआरएमच्या फेजचे, म्हणजे वीज वाटून घेणाऱ्या भागांचे, १०+२, १२+२ असे आकडे छापलेले असतात. त्यावरून निवड करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बारा फेज पन्नास अँपिअरच्या चिपांचे आहेत की ऐंशीच्या, स्वतंत्र आहेत की जोडीजोडीने एकाच सिग्नलवर चालतात, हे त्या आकड्यात दिसत नाही. हीटसिंकचं वजन मात्र हातात घेतलं की कळतं. दुकानात मी टेम्परेचर गन ठेवलेली आहे. बांधून झालेला कॉम्प्युटर सिनेबेंचवर अर्धा तास पूर्ण भारावर चालवतो आणि गन व्हीआरएमवर धरतो. हीटसिंक नसलेल्या बोर्डावर आकडा चढता चढता शंभराच्या दिशेने निघतो. जाड हीटसिंकचा बोर्ड त्याच प्रोसेसरखाली सत्तरच्या आत थांबतो. फार तापल्यावर बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग खाली आणतो. खेळणाऱ्याला ते गेम अडखळल्यासारखं वाटतं आणि तो दोष कार्डाला देतो.

बोर्डांच्या चाचण्या परदेशात होतात त्या वीस-बावीस अंशांच्या खोलीत. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो आणि रात्री नऊ वाजता पत्र्याखालच्या खोलीत ३८ अंश असतात. चाचणीत पंचाहत्तर अंश दाखवलेला बोर्ड इथे नव्वदीत जाणार, हे साधं गणित आहे. विदर्भ-खानदेशातल्या माणसाने पुण्या-नाशिकच्या मित्राचा बोर्ड डोळे मिटून उचलू नये, असं मी म्हणतो ते याच कारणाने. त्यात हल्ली लिक्विड कूलरची हौस आहे. वरून हवा मारणारा साधा कूलर प्रोसेसरबरोबर शेजारच्या व्हीआरएमलाही वारा देतो. लिक्विड कूलर उष्णता नळ्यांतून केसच्या छताशी नेतो आणि सॉकेटभोवती हवा हलतच नाही. लिक्विड कूलर लावायचाच असेल तर बोर्डाचा हीटसिंक मोठा घ्या आणि केसच्या मागच्या बाजूचा पंखा वगळू नका.

दोनेक वर्षांपूर्वी रावेरकडचे एक केळी बागायतदार मुलाला घेऊन आले होते. मुलगा बारावी झालेला, शांत, अभ्यास करून आलेला. त्याच्या यादीत रायझन ७ ७८००एक्स३डी हा प्रोसेसर होता, एक्स६७०ई चिपसेटचा भारी बोर्ड होता, आणि बजेट संपत आल्यामुळे कार्ड होतं आरटीएक्स ४०६०. वडिलांनी यादी वाचली, बोर्डाच्या रकमेवर बोट ठेवलं आणि विचारलं, “भाऊ, एवढा महाग बोर्ड घेतला तर गेम जास्त चांगला चालतो का?”

“नाही दादा. गेम प्रोसेसर आणि कार्ड चालवतात. बोर्ड त्यांना नीट वीज पोचवतो आणि सगळ्यांना एकमेकांशी जोडून ठेवतो.”

“मग हे पैसे कशाचे?”

हाच खरा प्रश्न आहे, आणि तो इतक्या नेमकेपणाने मला क्वचितच कोणी विचारतं. एक्स६७०ई मधे चिपसेटच्या दोन चिपा एकामागे एक जोडलेल्या असतात. बी६५० मधे तीच चिप एक असते. दुसऱ्या चिपेमुळे जास्तीचे यूएसबी, जास्तीचे साटा, आणखी एम.२ स्लॉट मिळतात. ‘ई’ म्हणजे कार्डाच्या स्लॉटला पीसीआय एक्स्प्रेस ५.०. आरटीएक्स ४०६० हे कार्ड ४.० चं आहे, तेही आठ लेनचं. त्या मुलाला एक एसएसडी लावायची होती, एक माउस, एक कीबोर्ड, एक हेडफोन. दुसरी चिप त्याच्यासाठी कायम रिकामी बसली असती.

मुलाने विचारलं, “पण काका, पुढे ओव्हरक्लॉक करायचं झालं तर?” प्रश्न रास्त होता. पण ७८००एक्स३डीचा मल्टिप्लायर कंपनीने बंद केलेला आहे. या प्रोसेसरचा वेग येतो तो त्याच्या ९६ एमबी एल३ कॅशमधून. त्या कॅशचा मोठा भाग प्रोसेसरवर थर रचून बसवलेला आहे आणि उष्णतेला नाजूक आहे. त्याच्या नावावर १२० वॉट लिहिलेले असले तरी गेम खेळताना तो सहसा पन्नास ते ऐंशी वॉटच्या दरम्यान चालतो. मी त्याला दुकानातल्या यंत्रावर एक गेम लावून एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममधले आकडे दाखवले. वॉटचा आकडा साठच्या आसपास खालीवर होत होता. त्याच सुमाराचा इंटेलचा कोअर आय९-१४९००के पूर्ण भारावर २५३ वॉटपर्यंत जातो. म्हणजे गेमिंगसाठी वाखाणलेल्या या प्रोसेसरला बोर्डाकडून वीज तुलनेने थोडीच लागते. प्रोसेसर महाग म्हणून बोर्ड महाग, हा हिशेब इथे लागूच होत नाही. याबद्दल मला फार कळकळ वाटते, कारण याच समजुतीपायी पोरांचे सर्वाधिक पैसे वाया जातात.

शेवटी दोन्ही बाजूंना भक्कम हीटसिंक असलेला बी६५० चा मायक्रो-एटीएक्स बोर्ड ठरला. वाचलेल्या रकमेत वडिलांनी थोडी भर घातली आणि ४०६० च्या जागी ४०७० आलं. दोन कार्डांत साधारण दीडपटीचा फरक आहे. एक्स६७०ई आणि बी६५० यांच्यात गेमच्या फ्रेममधे पडणारा फरक मोजायला गेलं तर चाचणीच्या चढउतारातच हरवून जातो.

याचा अर्थ सगळ्यात स्वस्त बोर्ड घ्यावा असा कोणी काढू नये. ए६२० चे बोर्ड २०२३ मधे आले ते कमी किमतीसाठीच. त्यातले काही ६५ वॉटच्या प्रोसेसरपुरतेच बांधलेले असतात. रायझन ५ ७६०० लावून पाच वर्षं तेच चालवायचं असेल तर चांगल्यापैकी ए६२० ला माझी हरकत नाही. मी स्वतः असे बांधून दिलेत आणि ते नीट चालतात. पण उद्या आठ किंवा बारा कोअरचा प्रोसेसर घालायचा विचार असेल, व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल, तर दीड-दोन हजारांची ती बचत पुढे पूर्ण बोर्डाची किंमत मागते. अशा वेळी मी गिऱ्हाइकाला केसवरचे काचेचे पॅनेल आणि रंगीत पंखे कमी करायला सांगतो, बोर्ड नाही.

चिपसेटच्या नावातले आकडे वाढले की वस्तू वरची, असंही नसतं. २०२४ च्या सप्टेंबरात आलेल्या एक्स८७० मधे चिपसेटची चिप एकच आहे, म्हणजे आधीच्या एक्स६७० पेक्षा जोडणीला तो कमी. त्याची जमेची बाजू म्हणजे यूएसबी ४ सक्तीने दिलेलं आहे. २०२५ मधल्या बी८५० चा पाया बी६५० चाच. आणि बी८४०, जो नावावरून बी८५० चा धाकटा भाऊ वाटतो, त्यात चिपसेटच्या लेन पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या आहेत आणि प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येत नाही. दुकानदार घाईत असला की ‘हा त्याच सीरिजचा, हजाराने स्वस्त’ असं म्हणून देतो. नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून घ्या.

आता एका बटणाविषयी सविस्तर लिहितो, कारण आमच्यासारख्या गावांत त्याची किंमत मुंबईपेक्षा जास्त आहे. बोर्डाच्या मागच्या बाजूला, यूएसबीच्या शेजारी, काही बोर्डांवर एक बारीक बटण असतं. कोणी त्याला बायोस फ्लॅशबॅक म्हणतं, कोणी फ्लॅश बायोस, कोणी क्यू-फ्लॅश प्लस. काम एकच: प्रोसेसर न लावता, रॅम न लावता बायोस, म्हणजे बोर्ड सुरू करणारा त्याच्या चिपेतला प्रोग्राम, बदलता येणं. २०२४ च्या ऑगस्टमधे रायझन ९००० चे प्रोसेसर आले. बाजारात बी६५० चे जे खोके पडून होते ते त्याआधीचे. बोर्ड चांगला, प्रोसेसर नवा, दोघांचं सॉकेट एक, तरी पडदा काळा. बायोसला तो प्रोसेसर ओळखीचा नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर शेजारच्या दुकानातून जुना प्रोसेसर तासाभरासाठी मागून आणता येतो. इथे तो आणायचा कुठून?

बटण असलं की काम सोपं. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मधे फॉरमॅट करायचा, कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलची, त्याच रिव्हिजनची फाइल उतरवायची, कंपनी सांगते त्या नावाने ती सेव्ह करायची. बोर्ड खोक्यावरच ठेवून एसएमपीएसची चोवीस पिनची आणि आठ पिनची केबल लावायची. खूण केलेल्या यूएसबीत पेन ड्राइव्ह घालायचा आणि बटण तीनेक सेकंद दाबून धरायचं. शेजारचा दिवा लुकलुकू लागतो. पुढची पाच-सात मिनिटं कशालाही हात लावायचा नाही. दिवा विझला की झालं. हे सगळं मी यूपीएसवरच करतो. मधे वीज गेली तर बायोस अर्धवट राहतो. हे बटण नसलेला बोर्ड पाचशे रुपयांनी स्वस्त मिळत असला तरी मी मागवत नाही.

बायोस ही एकदा बघून विसरायची गोष्ट राहिलेली नाही. २०२३ च्या एप्रिलमधे काही एक्स३डी प्रोसेसर बोर्डासकट जळाले. रॅमला जास्त वेगाने चालवणारं एक्सपो प्रोफाइल चालू केल्यावर काही बोर्ड प्रोसेसरच्या एसओसी भागाला हवं त्यापेक्षा जास्त व्होल्टेज देत होते. एएमडीने नंतर ते १.३ व्होल्टवर बांधून टाकलं आणि कंपन्यांनी नवे बायोस दिले. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतही व्होल्टेजमुळेच प्रोसेसर अस्थिर होत होते. त्यावरचा ०एक्स१२९ हा मायक्रोकोड २०२४ च्या ऑगस्टमधे बायोसमधूनच पोचला आणि इंटेलला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. म्हणून बोर्ड घेण्याआधी मी त्या मॉडेलचं बायोसचं पान उघडतो. शेवटचा बायोस कधीचा आहे, किती नियमाने येतात, हे बघतो. जुन्या मॉडेलला कंपनी वाऱ्यावर सोडते की सांभाळते, हे त्या पानावर स्पष्ट दिसतं.

सांभाळलं तर काय होतं याचं उदाहरण एएम४ हे सॉकेट. त्यावर रायझन २०१७ मधे आला आणि २०२२ मधे ५८००एक्स३डी त्याच सॉकेटवर बसला. बी४५० टोमाहॉक मॅक्स हा २०१९ मधला मध्यम किमतीचा बोर्ड मला विशेष आवडायचा. त्याच्या नावातल्या ‘मॅक्स’चा एक अर्थ होता ३२ एमबीची बायोस चिप. आधीच्या १६ एमबीच्या चिपांत नव्या-जुन्या सगळ्या प्रोसेसरची माहिती मावेना, म्हणून कंपन्यांना बायोसमधून काही ना काही वगळावं लागत होतं. मोठी चिप असल्यामुळे मॅक्सवर ती अडचण आली नाही. ज्यांनी त्या वेळी तो बोर्ड घेऊन रायझन ५ ३६०० घातला होता, त्यांच्यापैकी काहींना मी नंतर फक्त प्रोसेसर बदलून दिला. केस तीच, रॅम तीच, बोर्ड तोच, आणि गेम नव्या पिढीच्या यंत्राच्या जवळपास चालले. त्या बोर्डाची किंमत वर्षांनी भागली तर तो त्या वेळच्या सर्वांत स्वस्त बोर्डापेक्षाही स्वस्त पडला. त्यानंतरच्या एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही आधार देऊ असं एएमडीने जाहीर केलेलं आहे. इंटेलचं एलजीए१७०० हे सॉकेट तीन पिढ्या चालून थांबलं आणि २०२४ मधे एलजीए१८५१ आलं. नवा बोर्ड घेताना हा फरक मी गिऱ्हाइकापुढे ठेवतोच.

एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते. जुन्या कॉम्प्युटरमधली डीडीआर४ त्यात बसत नाही, आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव ज्या वेगाने चढले त्यामुळे बोर्डाचा हिशेब रॅमसकटच करावा लागतो. ज्याच्याकडे चांगली ३२ जीबी डीडीआर४ आहे त्याला मी आजही बी५५० किंवा डीडीआर४ चा एलजीए१७०० बोर्ड सुचवतो. तो जुना झाला म्हणून टाकाऊ झाला असं नाही. डीडीआर५ मधे आणखी एक लक्षात ठेवण्यासारखं: चार स्लॉटचा बोर्ड घेतला म्हणून चारी भरू नयेत. रायझन ७००० ला चार कांड्या लावल्या की एएमडीने मान्य केलेला वेग ३६०० वर येतो. दोन कांड्या ६००० वर आरामात चालतात. दोनच स्लॉटचा बोर्ड गेमिंगला कमी पडत नाही.

आणि पहिल्यांदा चालू करताना घाबरू नका. डीडीआर५ ची मेमरी ट्रेनिंग चालू असते तेव्हा पडदा काळा असतो, बोर्डावरचा डीरॅमचा दिवा पेटलेला राहतो, आणि काही मिनिटं काहीच घडत नाही. घरी रॅम बदलणारे पुष्कळ जण याच वेळी बटण दाबून बंद करतात, पुन्हा चालू करतात, आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

आवाजाची चिप, २.५ गिगाबिटचा लॅन, वायफाय यांच्यावर मी फार वेळ घालवत नाही. आजकालचा साधा बोर्डही यात पुरेसा असतो. वायफाय लागणार असेल तर बोर्डातच असलेलं घ्यावं, एवढंच.

वॉरंटीचा अनुभव मात्र सांगितला पाहिजे. एएम४ पर्यंत पिना प्रोसेसरला असत. एखादी वाकली तर मेकॅनिकल पेन्सिलीच्या पोकळ टोकाने हळूच सरळ करता यायची. एएम५ मधे त्या बोर्डाच्या सॉकेटमधे गेल्या, एकूण १७१८. केसाएवढ्या, एका बाजूला झुकलेल्या, सोनेरी. बॅटरीचा प्रकाश आडवा टाकला की शेतातल्या ओळींसारख्या सरळ दिसतात, आणि एखादी जरी वाकलेली असली तरी तिथेच चमक तुटते. एका कंपनीच्या सेवा केंद्राने माझ्या एका गिऱ्हाइकाचा बोर्ड एका वाकलेल्या पिनेकडे बोट दाखवून परत पाठवला. बोर्ड बंद पडला होता तो लॅनच्या भागातल्या बिघाडाने, पिनेशी त्याचा संबंध नव्हता. पण पिन कोणी वाकवली हे सिद्ध करायला आमच्याकडे काही नव्हतं आणि बोर्ड तसाच परत आला.

तेव्हापासून खोका फोडला की गिऱ्हाइकासमोर सॉकेटचा फोटो काढायचा, सिरियल नंबर त्याच फोटोत येईल असा, हा आमच्या दुकानाचा नियम आहे. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवायचा, प्रोसेसर वरून सरळ खाली सोडायचा, सरकवायचा नाही. मग तरफ दाबायची. तिला बऱ्यापैकी जोर लागतो, कुरकुर आवाज येतो, आणि प्लॅस्टिकचं काळं झाकण आपोआप उडून बाहेर येतं. ते झाकण फेकायचं नाही. बिलाबरोबर पिशवीत ठेवायचं. बोर्ड परत पाठवायचा झाला तर सेवा केंद्र ते आधी मागतं. बिल अठरा टक्के जीएसटी लावलेलं पक्कं हवं आणि त्यावर सिरियल नंबर हवा. विनाबिल बोर्ड दीड हजार स्वस्त पडतो खरा, पण त्याच्या तीन वर्षांच्या वॉरंटीला विचारणारं कोणी नसतं. कंपनीचं सेवा केंद्र किती लांब आहे, बोर्ड पाठवला तर किती आठवड्यांनी येतो, हेही किमतीतच धरा. पोराचा कॉम्प्युटर महिनाभर बंद राहणं हा खर्चच आहे.

आज कोणी नव्या गेमिंग प्रोसेसरसाठी बोर्ड विचारला तर माझं उत्तर ठरलेलं आहे. एएम५ असेल तर बी६५० किंवा बी८५०, दोन्हीपैकी जो त्या दिवशी स्वस्त असेल तो; सॉकेटच्या दोन्ही बाजूंना हीटसिंक, मागे फ्लॅशचं बटण, निदान दोन एम.२ स्लॉट आणि भारतातली वॉरंटी. त्यापुढे मागितले जाणारे पैसे ज्याला खरोखर चार एसएसडी किंवा यूएसबी ४ लागतं त्यानेच द्यावेत. बाकीच्यांनी ते कार्डात घालावेत.

आणि एक काम बोर्ड घेण्याआधी करा. जुन्या घरांत, गाळ्यांत, वाड्यांत भिंतीवर विजेचं तीन पिनचं सॉकेट असतं आणि त्याची तिसरी, म्हणजे अर्थिंगची, तार कुठेच गेलेली नसते. कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात ते त्यामुळे. दुरुस्तीला आलेले कितीतरी मेलेले यूएसबी पोर्ट आणि लॅनच्या चिपा अशा घरांतून आलेल्या मी बघितल्या आहेत. इलेक्ट्रिशियनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामधलं व्होल्टेज मोजून घ्या. ते दोन-तीन व्होल्टच्या आत आलं पाहिजे. जास्त आलं, तर आधी अर्थिंग नीट करून घ्या आणि मग बोर्ड घ्यायला या.